गाडीची विचारपूस

माझी धाकटी जाऊ मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. ती वाईट होती म्हणून नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं. शेजारच्या शिंपीणबाईंकडे जाऊन दोन गोष्टी सांगितल्या असत्या, मन हलकं झालं असतं. पण हिच्यात नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि अशा बाईचं करायचं काय?

आमची लाँड्री आहे. खाली अंगण, अंगणाला लागून धुलाईच्या मोठ्या मशीन, वर इस्त्रीची खोली, आणि त्या खोलीच्या टोकाला खिडकीपाशी मोजणीचं टेबल. एका हॉस्पिटलच्या आणि दोन हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे येतात. प्रत्येक नगाच्या कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा असतो, हॉस्पिटलचा निळा. मोजणीच्या टेबलामागे एक लाकडी खुर्ची आहे. माझ्या सासूबाई तिच्यावर तीस वर्षं बसल्या. लाँड्रीतून काय कधी निघेल, कोण कुठलं काम करील, सगळं त्या खुर्चीवरून ठरतं. खुर्चीवरच्या बाईनं सात ते सात जागचं हलायचं नाही आणि तिच्या हाताला डाग नको, कारण बाहेर जाणारा प्रत्येक नग तिच्या हातून जातो. त्या खुर्चीच्या उजव्या अंगाला उभी राहून मी सोळा वर्षं मोजत होते. सोळा वर्षांत एक नग हरवला नव्हता. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना विचारा.

मग सासूबाईंच्या पाठीनं असहकार पुकारला. एके दिवशी त्या म्हणाल्या, "येत्या एक तारखेपासून मी घरी बसणार." मी मनातल्या मनात त्या खुर्चीवर माझी उशीसुद्धा ठेवली. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "खुर्ची कुणाला द्यायची ते बघू."

बघू! यात बघायचं काय होतं? पण त्यांची नजर खिडकीतून खाली गेली. अंगणात आमच्या पिकअपच्या बोनेटमध्ये डोकं घालून धाकटी उभी होती.

धाकटीच्या वडिलांची पिठाची गिरणी, डिझेल इंजिनावर चालणारी. लहानपणी म्हणे तिला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की आज पट्टा सैल झालाय. माझे वडील शाळामास्तर. मला अंथरुणात पडल्या पडल्या नुसते पाढे ऐकू यायचे. लग्न होऊन ती आली आणि महिन्याभरात माझे दीर जहाजावर गेले. ते वर्षातले आठ महिने समुद्रावरच असतात. त्याच आठवड्यात एक दिवस दुपारी जेवताना ही एकदम म्हणाली, "गाडीचा पट्टा बदलायला हवा. फार तर आठवडा काढेल." गाडी त्या वेळी नुसती अंगणात शिरत होती! ती चालवतात आमचे हे. ते हसले. मी जरा जास्तच हसले. सहाव्या दिवशी भर चौकात पट्टा तुटला आणि हे दोन तास उन्हात उभे. त्या दिवसापासून सासूबाईंनी गाडी तिच्या ताब्यात दिली आणि मी हसणं सोडलं.

'दुरुस्ती' हा शब्द ती वापरत नाही. "गाडीची विचारपूस करते," म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही फाजीलपणा करतेय. पण नाही, तिला तसंच म्हणायचं असतं. "दुरुस्ती मोडल्यावर, ताई. मोडायच्या आधी करायची ती विचारपूस."

दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, ती रबरी नळ्या एकेक करून बोटांत दाबून बघायची, कुठे तडा गेलाय का. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची. डिझेल फिल्टरच्या तळाशी एक स्क्रू असतो, तो सैल करून साचलेलं पाणी काढून टाकायची. मग इंजिन सुरू करून एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ऐकत राहायची. मला टायफॉइड झाला होता तेव्हा डॉक्टरांनीही इतक्या मन लावून माझी छाती तपासली नव्हती.

सगळ्यात संतापजनक म्हणजे तिचे ते कापडाचे तुकडे. फाटक्या चादरी कापून ती चौकोन करायची. पंधरा दिवसांनी एकदा ऑइलची कांडी बाहेर काढून एक थेंब चौकोनावर पाडायचा. थेंब पसरतो, मधे काळा ठिपका राहतो, भोवती फिकट कडं पडतं. कडं नीट पसरलं तर तेलात अजून दम आहे. सगळं मधेच चिकट साचलं तर बदलायची वेळ आली. असे चौकोन, प्रत्येकावर तारीख घालून, जिन्याखाली दोरीवर ओळीनं टांगलेले. लाँड्रीत! मी सोळा वर्षं पांढऱ्या कापडावरचे डाग काढतेय आणि ही डाग जपून ठेवते, तारीखवार. त्यावर सासूबाई येता-जाता थांबून म्हणायच्या, "वा, या खेपेला कडं छान आलंय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरं तर काम माझंही तेच होतं. डाग पक्का व्हायच्या आधी मी तो धरते. शिवण उसवायच्या आधी टाका घालते. पण माझं न बिघडलेलं कुणाला दिसत नाही, आणि तिचं न बिघडलेलं सगळ्या गल्लीला ऐकू जातं. आमचे हे संध्याकाळी चपला काढता काढता सुरू व्हायचे, "आज गाडी काय चालली! चढावर तिसऱ्या गिअरमध्ये!" सोळा वर्षं यांच्या शर्टाच्या कॉलरला मी कडक इस्त्री करतेय. कॉलर कशी चालली, एकदाही सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर हिला 'मिस्त्रीणबाई' म्हणतात, वाट वाकडी करून सल्ला विचारायला येतात. मला काय म्हणतात? 'त्या मोजणाऱ्या.'

एक तारखेला बारा दिवस राहिले असताना धाकटी माहेरी गेली. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गुरुवारी निघाली, सोमवारी दुपारी परतणार होती. निघताना मला म्हणाली, "ताई, एअर फिल्टर नवा आणून ठेवलाय. आल्यावर घालीन. घाई नाही."

तिला नसेल. मला होती.

रविवारी लाँड्री बंद. दुपारी घर जेवून आडवं झालं, तशी मी खाली उतरले. मला सगळं पाठ होतं. सात वर्षं दर रविवारी खिडकीतून पाहिलं होतं. हेवा करणारी बाई जितकं नीट बघते तितकं शिकणारीही बघत नाही. बोनेट उघडलं. काळा डबा, चार खटके. जुना फिल्टर काढला, त्यातून वाटीभर धूळ निघाली. आता डबा पुसायचा. पुसताना धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून धाकटी आत हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडात कापड कोंबायची, तेही मी पाहिलेलं. पण तिच्या डागाळलेल्या चिंध्यांना मी हात लावणार नव्हते. वर जाऊन हॉस्पिटलच्या गठ्ठ्यातला ऑपरेशनचा एक टॉवेल घेऊन आले, धुतलेला, इस्त्री केलेला, एकही धागा न सुटणारा. करायचं तर तिच्याहून चांगलं करायचं ना!

आणि काय सांगू, डबा असा पुसला, असा पुसला की त्यात तोंड दिसावं. पुसणं हे माझं काम आहे. कोपरे, खाचा, खटक्यांच्या बिजागऱ्या, काही सोडलं नाही. मागे सरून दोनदा बघून घेतला. त्या डब्याच्या कौतुकात नवा फिल्टर बसवला, टक टक टक टक चारी खटके लावले. इंजिन सुरू केलं. जरा धाप लागल्यासारखं वाटलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, नुसती खडखड ऐकू आली. तरी मी समजल्यासारखी मान हलवली. सोमवारी गाडी फेरी करून परतली की सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं: फिल्टर मी बदलला, हिच्यावाचून काही अडत नाही.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलचे टॉवेल मोजले. एकशे वीस हवेत, एकशे एकोणीस भरले. पुन्हा मोजले. पुन्हा एकशे एकोणीस.

"तुझ्या मोजणीत?" खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या.

मी इस्त्रीवाल्या मावशींवर डाफरले, कपाटांखाली वाकून बघायला लावलं. बिचाऱ्या गुडघे धरून वाकल्या. शेवटी गाडी एक नग कमी घेऊन निघाली.

पाऊण तासानं ह्यांचा फोन आला. "पुलाच्या चढावर गाडी बसलीय. मागून काळाकुट्ट धूर. कुणीतरी नाक दाबून धरल्यासारखं करतेय गं, श्वासच घेत नाही."

त्या शब्दासरशी माझाच श्वास अडकला. एकशे विसावा टॉवेल कुठे आहे ते मला कळलं. तो मी नळीतून काढलाच नव्हता. फोनवर एवढंच म्हणायचं होतं: बोनेट उघडा, डब्यामागची नळी काढा, आत हात घाला. पाच मिनिटांचं काम. पण सासूबाई हातभर अंतरावर बसलेल्या, आणि एक तारीख आठवड्यावर आलेली.

"दुपारी धाकटी येईल, ती बघेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

गठ्ठे भाड्याच्या टेम्पोतून गेले, दोन तास उशिरा. सकाळचं एक ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. मेट्रनबाईंचा फोन सासूबाईंनी उभ्यानं ऐकून घेतला. त्यांना कुणाचं बोलणं उभ्यानं ऐकताना मी पहिल्यांदाच पाहत होते. गाडी दोरानं ओढून अंगणात आणली.

धाकटी बसमधून उतरली ती खांद्यावरच्या पिशवीसकट सरळ गाडीपाशी. घरचे, कामाच्या बाया, सगळे भोवती गोळा झाले. तिनं खटके काढले आणि आत बघून क्षणभर थांबली. त्या डब्यातल्या खाचेतून तिनं बोट फिरवलं, बोट स्वच्छच बाहेर आलं. तेवढ्यावरच तिला समजलं असणार; गाडीचा डबा असा पुसणारी बाई या घरात एकच. मग नळी काढून तिनं हात घातला, आणि वाकणात अडकलेला बोळा ओढून काढला. काळा, चुरगळलेला, कोपऱ्यात निळा दोरा.

बाकीच्यांकडे तिची पाठ होती. बोनेटच्या पलीकडे मी एकटी. तिनं माझ्याकडे पाहिलं, बोळा मुठीत आवळला आणि हळूच पिशवीत टाकला.

"फिल्टर तुंबला होता," ती मोठ्यानं म्हणाली. "जायच्या आधी बदलायला हवा होता. माझंच राहिलं."

आमच्या ह्यांना नवा फिल्टर आणि जुना फिल्टर सारखाच. कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांना बोलावलं. "धाकटे, आज तुझ्यामुळे मान खाली घालावी लागली," म्हणाल्या. आणि मग, "एक तारखेपासून खुर्ची थोरलीची."

मिळाली! सोळा वर्षं जिच्याशेजारी उभी राहिले ती खुर्ची. पण मला आनंद कसा तो होईना. मी धाकटीला शोधत खाली गेले. मोरीत बसून ती तो टॉवेल धूत होती, आणि तोही चुकीचा.

"तेलकट काळं आधी पाण्यात घालतात होय?" मी खेकसले. "कोरडी पावडर चोळायची आधी." मग आवाज उतरवून विचारलं, "खोटं का बोललीस?"

ती हसली. चक्क हसली. "ताई, मला नकोच होती ती खुर्ची. आई हल्ली माझ्याकडेच बघत होत्या, मला धडकी भरली होती. सात ते सात हात धुऊन बसायचं, मग गाडी कोण बघणार? तुम्ही टॉवेल कोंबलात आणि माझी सुटका झाली. मीच तुमचे आभार मानायला हवेत."

तिनं माझ्या मुस्कटात मारली असती तरी चाललं असतं. ज्या खुर्चीसाठी मी झुरले ती हिला गळ्यात पडलेलं घोंगडं वाटत होती, आणि नकोशी झाली म्हणून ती माझ्याकडे आली! म्हणजे खुर्चीही तिनंच दिलेली आणि चांगुलपणाही तिचाच. मला काय उरलं? चार दिवस अन्न गोड लागलं नाही. येता-जाता ती माझ्याकडे बघून हसायची, आणि ते हसणं इतकं निर्मळ असायचं की मला ते ओरबाडून काढावंसं वाटायचं.

एक तारखेला सकाळी सासूबाईंनी माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. सगळे जमले होते. आणि मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. टॉवेल, नळी, फोन, सगळं. कुणी याला प्रामाणिकपणा म्हणू नये. एवढ्या सगळ्या घरात चांगली म्हणून तिनं एकटीनं मिरवावं, ते मला सोसलं नाही, एवढंच. मी बोलत होते आणि धाकटी मागून पदर ओढत पुटपुटत होती, "ताई, नको. ताई, पुरे."

सासूबाईंनी धरलेला माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "ऊठ."

मी उठले.

"नग कुठे आहे हे ठाऊक असून गप्प बसणारीची मोजणी मला नको. धाकटे, हात धुऊन ये आणि बस."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, मला नको. मी तर..."

"तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस. तुझी शिक्षा ती खुर्ची." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि गाडी आजपासून तू बघायचीस. ती शिकवील तुला."

असं एका वाक्यात त्यांनी आमची अदलाबदल करून टाकली. आमचे हे तोंड लपवून हसत होते. त्यांना मी नंतर पाहून घेतलं.

पहिले दोन महिने माझे हाल झाले. डिझेल फिल्टर बदलला आणि आत शिरलेली हवा काढायची विसरले, तर गाडी तासभर सुरूच होईना. पाना निसटून बोटं सोलली. धाकटी संध्याकाळी सात वाजता खुर्चीवरून उठायची, खाली यायची, न रागावता सगळं पुन्हा सांगायची. गाडीला मात्र हात लावायची नाही. दुसऱ्या दिवशीच्या चादरी असायच्या. तिनं मला इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नळीवर हलकं बोट ठेवून ठोका ओळखायला शिकवलं, मनगटाची नाडी बघतात तसं. चार नळ्या, चार ठोके. मला चारी सारखेच लागायचे. आणि मग हळूहळू, कधी ते सांगता येणार नाही, मला ते काम आवडायला लागलं. रविवारची मी वाट बघायला लागले. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण ते लपलं नसावं.

परवाच्या रविवारी इंजिन सुरू करून मी नळ्यांवर बोट फिरवत होते. धाकटी बाजूला उभी. पहिली, दुसरी, चौथी ठीक. तिसरीपाशी बोट थांबलं. पुन्हा ठेवलं.

"तिसरीचा ठोका मंद आहे," मी म्हटलं. "इंजेक्टर काढून बघायला हवा, बिघडायच्या आधी."

"काही मंद नाही," ती म्हणाली.

"हात लावून बघ तरी."

"तुम्हाला काय कळतंय, ताई? तीन महिने तर झाले."

सात वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. मी मान वर करून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्या बोटांवर खिळलेली, आणि चेहऱ्यावर कसनुसं हसू, जे फक्त दुसऱ्यांना दाखवायला आणलेलं असतं. ठोका मंद आहे हे तिला कानानंच कळलं होतं, माझ्याही आधी. ते मी बोलायला नको होतं, इतकंच. तो चेहरा मला कुणी ओळखून दाखवायची गरज नव्हती. सात वर्षं तो माझाच होता.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग मी बाजूला सरून तिला जागा करून दिली. म्हटलं, "ये. आज चादरी नाहीत, हात घासायला अख्खा दिवस आहे. तूच काढ इंजेक्टर."

तिनं हात पुढे केला. नळीपासून वीतभर अंतरावर तो थांबला.

"नको," ती म्हणाली. "तुमची गाडी आहे." आणि जिना चढून वर गेली.